मसुरीचं सॅव्हॉय हॉटेल: भुताच्या आधीची गोष्ट

मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलचं नाव काढलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, ते भूतवालं हॉटेल ना? मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणजे सव्वाशे वर्षं उभी असलेली बिल्डिंग, तिनं भूकंप खाल्ला, तिच्या अंगणात दोन देशांच्या वाटाघाटींची माणसं फिरली, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर एक बंद खोली आणि त्यातला एक मृत्यू. त्या मृत्यूबद्दल पण लिहिणार आहे खाली, पण मला मुळात सांगायचंय ते वेगळं. एवढ्या उंचीवर, त्या काळात गाडीरस्ता धड नसताना, एवढं मोठं हॉटेल उभं का राहिलं, कोणाच्या जिवावर चाललं आणि नंतर त्याचं काय झालं, ही पार्श्वभूमी माहीत असली तर तिथं गेल्यावर भिंतीकडे बघण्याची नजरच बदलते.

आधी मसुरी म्हणजे काय ते बघू. आपल्याला महाबळेश्वर माहीत असतं, आणि महाबळेश्वर हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या उन्हाळी मुक्कामामुळे वाढलं, तिथल्या पेठेला माल्कम पेठ नावच गव्हर्नर माल्कमवरून पडलं. सिमल्याचं तर विचारूच नका, १८६४ पासून अख्ख्या हिंदुस्थानचं सरकार उन्हाळ्यात तिकडे चढायचं. नैनिताल तिकडच्या प्रांताच्या सरकारचं. मसुरीला मात्र असलं काही नव्हतं. गव्हर्नर नाही, सेक्रेटरिएट नाही, साहेबाला सलाम ठोकायला जायची सक्ती नाही. साधारण दोन हजार मीटर उंचीवर डोंगराच्या धारेवर लांबलचक पसरलेलं छोटं गाव, खाली डेहराडूनचं खोरं आणि उत्तरेला मोकळं हवामान असलं की बर्फाची रांग. सरकारी डोळा नसल्यामुळे तिथं लोक निव्वळ मजेला यायचे, आणि मजेला येणाऱ्या माणसाला सरकारी बंगला मिळत नाही, त्याला हॉटेल लागतं. माझ्या मते सॅव्हॉयची खरी सुरुवात इथं आहे, मालकाच्या हौसेत नाही.

गाव वसलं गोरखा युद्धानंतर. १८१४ ते १६ च्या त्या लढाईत डूनचं खोरं कंपनी सरकारकडे आलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत कॅप्टन यंग नावाचा आयरिश अधिकारी आणि डूनचा सुपरिंटेंडेंट शोअर या दोघांनी वर धारेवर शिकारीसाठी एक छोटं घर बांधलं. मसुरीची सुरुवात म्हणून हेच घर सांगतात. गावाचं नाव तिथं उगवणाऱ्या मन्सूर नावाच्या झुडपावरून आलं असं म्हणतात. १८२७ ला शेजारच्या लँडोरला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरामाचं ठाणं झालं. मग बंगले, चर्च, शाळा, दारूची भट्टी, बँक असं एकेक येत गेलं. सर्व्हेवाला जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याच्या नावाने शिखर ओळखतात, त्याचं पण घर याच डोंगरावर, पार पश्चिमेच्या टोकाला.

आता हॉटेल. आपल्याकडे हॉटेल म्हटलं की चहा-नाश्त्याची जागा पण हॉटेलच, त्यामुळे हे जरा वेगळं सांगावं लागतं. त्या काळातलं डोंगरावरचं हॉटेल म्हणजे माणूस महिना दीड महिना, कधी अख्खा सीझन राहायचा, बायको पोरं आया नोकर सगळ्यांसकट. त्यामुळे आधीची बरीचशी हॉटेलं म्हणजे मोठे बंगलेच, ज्यांना खोल्या जोडत जोडत वाढवलेलं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चार्लव्हिल. हॅपी व्हॅलीच्या बाजूला १८५० च्या दशकात जनरल विल्किन्सनने बांधलेली ही प्रॉपर्टी, १८६१ ला मसुरीच्या बँकेचा मॅनेजर हॉब्सन याच्या हातात आली आणि त्याने आपल्या दोन मुलांच्या, चार्ली आणि बिली, या नावांवरून हॉटेलला चार्लव्हिल म्हटलं. किती साधी गोष्ट आहे बघा, आणि ते नाव आज पण तिथं टिकून आहे, कसं ते पुढे येईल.

सॅव्हॉय हे चार्लव्हिलनंतर चाळीस वर्षांनी आलं आणि ते बंगला वाढवून केलेलं नव्हतं. लखनौचा एक आयरिश बॅरिस्टर, सेसिल लिंकन. त्याने लायब्ररी बाजाराच्या वरच्या अंगाला असलेली मॅडॉकच्या शाळेची जागा घेतली, शाळा पाडली आणि तिथं काही वर्षं राबून हॉटेल उभं केलं. १९०२ ला ते सुरू झालं. शाळेच्या जागेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मसुरीत सपाट जमीन मिळणं म्हणजे नशीबच, सगळं गाव धारेवर आणि उतारावर लटकलेलं. माझा अंदाज असा की पोरांना खेळायला, उभं राहायला म्हणून शाळेने जी जागा सपाट करून घेतली असणार तीच हॉटेलला आयती मिळाली, म्हणून तर सॅव्हॉयला एवढं मोठं अंगण आहे, समोर मोकळं लॉन आहे आणि लांबच्या लांब इमारती एका पातळीत आहेत. इतर हॉटेलांना ते जमलंच नाही.

आणि लिंकनने मुहूर्त बरोबर साधला. १९०० साली मार्च महिन्यात हरिद्वारहून डेहराडूनपर्यंत रेल्वे सुरू झाली. त्याच्या आधी मसुरीला यायचं म्हणजे आगगाडीने सहारनपूर, तिथून घोड्यांच्या डाकगाडीने शिवालिकची रांग मोहंडच्या घाटातून ओलांडून डेहराडून, मग राजपूर, मग चढण. एवढं सहन करणारा माणूस एकतर पक्का श्रीमंत किंवा पक्का आजारी. रेल्वे डेहराडूनला आली आणि दिल्ली, लखनौ, कलकत्त्याचा माणूस एकदम जवळ आला. हॉटेल मात्र रेल्वे यायच्या आधीपासूनच बांधायला घेतलं होतं, म्हणजे या बॅरिस्टरने पुढचं ओळखलं होतं. पाहुणे येणार ते माहीत असताना खोल्या तयार ठेवणं, याला मी शहाणपण म्हणेन.

पण रेल्वे डेहराडूनलाच थांबली. वर मसुरीपर्यंत आगगाडी न्यायच्या योजना झाल्या पण गाडी कधीच पोचली नाही. आपल्याकडे माथेरानला १९०७ ला आदमजी पीरभॉयच्या घरच्यांनी पदरचा पैसा घालून वीस एक किलोमीटरची ती दोन फुटी रेल्वे वर नेली आणि माथेरान बदललं, तसं काही मसुरीच्या नशिबात आलं नाही. त्यामुळे सॅव्हॉय हे असं हॉटेल होतं की ज्याच्या दारापर्यंत रेल्वे तर नाहीच, सुरुवातीला मोटार पण नाही. पाहुणा राजपूरला उतरायचा, डोंगराच्या अगदी पायथ्याला, आणि तिथून सात-एक मैलाची चढण. झडीपानी, बार्लोगंज असं करत वर. घोड्यावर, नाहीतर दांडीत. दांडी म्हणजे होडीच्या आकाराची उघडी खुर्ची, पुढे मागे दांडा, आणि ती खांद्यावर घेऊन चढणारी माणसं. बाया, म्हातारी माणसं, आजारी, सगळी दांडीत. सामान वेगळं, ते पाठीवर.

इथं मला थोडं थांबायचंय. सॅव्हॉयबद्दल जे काही सांगितलं जातं त्यात एक वाक्य हमखास असतं की पियानो, बिलियर्डची टेबलं, दारूची पिंपं, बॉलरूमचं सामान सगळं बैलगाडीने वर नेलं. वाक्य वाचून आपण वा म्हणतो आणि पुढे जातो. पण जरा डोळ्यासमोर आणा. बिलियर्डच्या टेबलात दगडी पाट असतात, एकेक पाट उचलायला चार-सहा माणसं लागतात. पियानोत बिडाची चौकट असते, नुसती ती हलवायची तरी घाम फुटतो. हे सगळं बैलांनी गाडीरस्त्याने ओढत नेलं, आणि गाडीरस्ता म्हणजे काय तर दारूभट्टीवाल्या मॅकिननने आपल्या धंद्यासाठी पाडलेली वळणावळणाची वाट. पावसाळ्यात ती वाट खचायची. बैल हाकणारी, दगड लावून चाक धरणारी, रोज सात मैल दांडी चढवून रात्री परत खाली उतरणारी ही माणसं बहुतेक आजूबाजूच्या पहाडातली, गढवालची. त्यांची नावं हॉटेलच्या कुठल्याच कौतुकात येत नाहीत. आणि खरं सांगतो, माझ्या लेखी सॅव्हॉय त्यांनी बांधलं. लिंकनचा पैसा, डोकं त्याचं, पण खांदा यांचा.

बिल्डिंग कशी आहे म्हणाल तर इंग्लिश गॉथिक पद्धतीची, उंच टोकदार कमानीच्या खिडक्या, उतरती छपरं, लाकडाचं काम भरपूर, लांब व्हरांडे आणि व्हरांड्यावर ओळीने खोल्या. लाकूड एवढं का, तर डोंगरात जवळ मिळतं, वजनाला हलकं, आणि थंडीत दगडापेक्षा बरं. उतरतं छप्पर पावसासाठी आणि बर्फासाठी. मसुरीचा पाऊस आपल्या घाटमाथ्याची आठवण करून देणारा, जून संपता संपता सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत सगळं धुक्यात, गाद्या ओलसर, पुस्तकांना बुरशी. अशा हवेत लाकडी बिल्डिंग सांभाळणं म्हणजे दरवर्षी रंग, दरवर्षी छपराची दुरुस्ती, नाहीतर पाच वर्षांत सगळं कुजतं. जुनं हॉटेल टिकवणं हा मुळात गवंडी-सुताराच्या बिलाचा प्रश्न असतो हे लोक विसरतात. आणि उत्पन्न तर सहा-सात महिनेच, कारण हिवाळ्यात गाव रिकामं.

तीनच सीझन झाले असतील आणि ४ एप्रिल १९०५ ला पहाटे कांगड्याचा भूकंप झाला. वीस हजाराच्या वर माणसं गेली त्यात, बहुतेक कांगडा आणि धरमशाळेकडे. पण या भूकंपाची विचित्र गोष्ट अशी की कांगड्यापासून एवढ्या लांब डेहराडून-मसुरी भागात पण वेगळा मोठा धक्का बसल्यासारखं नुकसान झालं. मधल्या पट्ट्यात कमी आणि इकडे परत जास्त. भूकंपशास्त्राची माणसं अजून त्यावर चर्चा करतात. सॅव्हॉयचं बरंच पडलं-झडलं. नवं कोरं हॉटेल बंद करावं लागलं आणि दुरुस्त होऊन परत उघडायला १९०७ उजाडलं. म्हणजे आज आपण जी बिल्डिंग बघतो ती १९०२ ची म्हणतात तरी तिच्यातला किती भाग भूकंपानंतरचा हा विचार मनात ठेवूनच बघावी.

या मधल्याच काळात, १९०६ ला, वेल्सची युवराज्ञी म्हणजे पुढची राणी मेरी मसुरीला येऊन गेली आणि ती उतरली चार्लव्हिलला. सॅव्हॉयच्या लोकांना त्याची किती हळहळ वाटली असेल. पण लगेचच सॅव्हॉयला दुसरी गोष्ट लाभली, वीज. डेहराडूनकडच्या उतारावर गलोगी इथं पाण्यावर वीज करायचं छोटं केंद्र १९०७ च्या सुमाराला उभं राहिलं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या जलविद्युत केंद्रांपैकी एक, आणि मोठमोठ्या शहरांत जेव्हा रॉकेलचे दिवे होते तेव्हा या डोंगरावरच्या गावात बल्ब लागले. त्या केंद्राची यंत्रं पण बैलगाडीनेच. उजेड आल्यावर संध्याकाळी नाच, ऑर्केस्ट्रा, उशिरापर्यंत जेवणं, हे सगळं वाढलं.

आता ते भुताचं प्रकरण, थोडक्यात. सप्टेंबर १९११. गार्नेट-ऑर्म नावाची एक इंग्रज बाई, मेलेल्यांशी बोलणं, प्लँचेट वगैरे मानणारी, सॅव्हॉयमध्ये खोलीत मेलेली सापडली, दार आतून बंद. विषाने मृत्यू झालेला. तिच्याबरोबर राहिलेली आणि आधीच लखनौला परत गेलेली मैत्रीण, तिच्यावर अलाहाबादला खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. विष खोलीत ठेवलेल्या औषधातून गेलं असा संशय होता, म्हणजे देणाऱ्याने तिथं हजर असायची गरजच नाही. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीची कल्पना या प्रकरणावरून आली असं नेहमी सांगतात. प्रकरण खरं आहे, खटला खरा आहे. पण त्या बाईला दर अमावस्येला जिन्यावर चालवणं मला पटत नाही, ती कुणाची तरी बहीण, मैत्रीण होती आणि तिचा न्याय शेवटपर्यंत झालाच नाही, एवढंच मला त्यात दिसतं.

मला या बिल्डिंगमधलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर १९२० चा उन्हाळा. आणि यात आपला एक मराठी माणूस पण येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९१९ ला इंग्रज आणि अफगाणिस्तान यांची छोटी लढाई झाली होती, तिसरं अफगाण युद्ध. तह रावळपिंडीला झाला पण पुढचे संबंध कसे असावेत यावर बोलणी १९२० मध्ये मसुरीला ठेवली. अफगाणांकडून महमूद तर्झी, इंग्रजांकडून हेन्री डॉब्स. आणि अफगाण मंडळी उतरली सॅव्हॉयला. त्याच मे महिन्यात तिशीतला एक वकील आपली आजारी आई आणि आजारी बायको यांना हवा बदलायला घेऊन सॅव्हॉयलाच येऊन राहिला. जवाहरलाल नेहरू. तोवर नेहरू काही देशाचे पुढारी वगैरे नव्हते, मोतीलालांचा मुलगा हीच मोठी ओळख. महिनाभर एकाच हॉटेलात राहून त्यांची आणि अफगाणांची साधी बोलाचाली पण नव्हती. पण एका संध्याकाळी पोलीस सुपरिंटेंडेंट आला आणि म्हणाला, अफगाण शिष्टमंडळाशी कसलाही संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या. नेहरूंचा संबंध ठेवायचा इरादाच नव्हता, पण लिहून द्यायला त्यांनी नकार दिला. मग हुकूम निघाला, चोवीस तासात डेहराडून जिल्ह्याच्या बाहेर व्हा. आजारी आई आणि बायकोला हॉटेलात ठेवून ते अलाहाबादला गेले.

आणि त्याच दोनेक आठवड्यांत अलाहाबादला काय झालं, तर अवधमधल्या प्रतापगडकडून दोनेकशे शेतकरी चालत चालत शहरात आले होते, जमीनदारांच्या जुलमाची गाऱ्हाणी घेऊन. त्यांना घेऊन येणारा माणूस म्हणजे बाबा रामचंद्र. हे बाबा रामचंद्र मूळचे मराठी ब्राह्मण घरातले, श्रीधर बळवंत जोधपुरकर हे नाव, फिजीला गिरमिटिया म्हणजे करारावरचा मजूर म्हणून जाऊन आलेले, आणि अवधच्या खेड्यापाड्यात तुलसीरामायणाच्या चौपाया म्हणत शेतकरी संघटित करणारे. नेहरू यमुनेच्या काठावर त्या शेतकऱ्यांना भेटले आणि त्यांच्याबरोबर खेड्यात गेले. पहिल्यांदा. आपल्याच देशातली नागवी उपाशी माणसं पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितली, आणि मसुरीतून हाकललं नसतं तर आपण त्या वेळी अलाहाबादला नसतोच हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. सॅव्हॉयच्या व्हरांड्यात आलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा हट्ट, आणि त्यातून नेहरूंची आणि शेतकऱ्यांची गाठ. एवढी गोष्ट ज्या बिल्डिंगच्या वाट्याला आली तिला भुताची गरज काय.

पुढचं तर अजून सुंदर आहे. मोतीलालांनी प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर बटलरला पत्र लिहिलं, दोघांची जुनी ओळख होती, हुकूम मागे घेतला गेला आणि नेहरू परत मसुरीला आले. हॉटेलच्या अंगणात शिरतात तर समोर काय, त्यांची लहानगी मुलगी एका अफगाण माणसाच्या कडेवर. तो माणूस अफगाण शिष्टमंडळातला मंत्री निघाला. नेहरूंना घालवल्याची बातमी अफगाणांनी पेपरात वाचली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रमुखाने नेहरूंच्या आईला रोज फळाफुलांची एक टोपली पाठवायला सुरुवात केली होती. सरकारला जी ओळख होऊ द्यायची नव्हती ती सरकारच्याच हुकमामुळे झाली. आणि कडेवरची ती अडीच वर्षांची मुलगी म्हणजे इंदिरा. सॅव्हॉयचं ते अंगण आजही आहे. माझं म्हणणं एवढंच की तिथं याची एक पाटी ठळक लावली पाहिजे.

त्यानंतरची वीस वर्षं म्हणजे हॉटेलची भरभराट. मोटाररस्ता हळूहळू वर सरकत गेला आणि किंक्रेगपर्यंत आला, मग राजपूरला उतरून दांडी करायची गरज उरली नाही. याचा फटका बसला राजपूरला. पायथ्याचं ते गाव वर जाणाऱ्या माणसाच्या मुक्कामावर जगत होतं, तिथं पण हॉटेलं होती, घोडेवाले होते, दुकानं होती. रस्ता दुसरीकडून गेल्यावर ते सगळं बसलं. छोट्या गावांचं असंच होतं, आपल्याकडे बायपास झाल्यावर जुन्या स्टँडसमोरच्या खानावळींचं जे होतं तेच. सॅव्हॉयला मात्र मोटारीने फायदा झाला, संस्थानिक यायला लागले, अवधचे तालुकदार अख्खा मजला घेऊन राहायला लागले. मसुरीच्या मजेची कीर्ती अशी की १९२० च्या दशकात येऊन गेलेल्या लॉवेल थॉमस नावाच्या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलं, इथल्या एका हॉटेलात पहाटे घंटा देतात, भाविकांनी प्रार्थना म्हणावी आणि बाकीच्यांनी गुपचूप आपापल्या खोलीत परत जावं म्हणून. हे सॅव्हॉयबद्दलच आहे असं सगळे धरून चालतात, त्याने स्वतः हॉटेलचं नाव दिलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात सुट्टीवर आलेल्या गोऱ्या सैनिकांनी ही हॉटेलं भरली. तोच शेवटचा मोठा सीझन म्हणायचा. १९४६ ला सॅव्हॉय भारतीय मालकाकडे आलं, आणि वर्षभरात इंग्रज गेले. इंग्रज गेले म्हणून हॉटेल बसलं असं सरसकट म्हणतात, ते मला अर्धंच बरोबर वाटतं. कारण शेवटी शेवटी तिथं येणारे बरेचसे पैसेवाले आपलेच होते, राजे आणि तालुकदार. खरा दुसरा दणका बसला तो जमीनदारी गेली तेव्हा, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात. ज्या खंडावर ते दीड महिना मुक्काम करायचे तो खंडच बंद. पुढे १९७१ ला संस्थानिकांचे तनखे गेले. आणि आता येणारा पाहुणा मोटारीने येतो, दोन रात्री राहतो, त्याला बॉलरूम नको, गरम पाणी आणि पार्किंग पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी महिनाभर राहणाऱ्यांसाठी बांधलेल्या बिल्डिंगला हे गणित झेपत नाही. खोल्या मोठ्या पण कमी, व्हरांडे लांब पण त्यातून पैसा नाही, आणि छपराचं बिल दरवर्षी आहेच.

चार्लव्हिलची वाट इथं वेगळी झाली. १५ एप्रिल १९५८ ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी लोकसभेत सांगितलं की अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी एक राष्ट्रीय संस्था काढणार. दिल्लीच्या मेटकाफ हाउसमधली आयएएसची शाळा आणि सिमल्याचं स्टाफ कॉलेज एकत्र करून ती मसुरीला आणली आणि जागा घेतली चार्लव्हिल हॉटेलची. १ सप्टेंबर १९५९ ला ती सुरू झाली. आज ज्याला सगळे लबासना म्हणतात, यूपीएससीचा रिझल्ट लागला की गावोगावच्या बॅनरवर ज्याचं नाव येतं, ती ॲकॅडमी म्हणजे मुळात हॉटेल, बँक मॅनेजरच्या चार्ली आणि बिलीच्या नावाचं. लालबहादूर शास्त्रींचं नाव तिला १९७२ ला मिळालं. सरकारने हॉटेल घेण्यात हिशोब सरळ होता, शे-दोनशे माणसांच्या राहण्या-जेवण्याची सोय असलेली बिल्डिंग आयती आणि रिकामी होत चाललेली. त्याच १९५९ च्या एप्रिलमध्ये दलाई लामा तिबेटमधून निघून मसुरीला आले, वर्षभर राहिले, आणि १९६० ला तिबेटी मुलांची शाळा हॅपी व्हॅलीतच सुरू झाली. एका वर्षात त्या दरीचा रंगच बदलला.

पण चार्लव्हिल वाचलं का? नाव वाचलं, बिल्डिंग नाही. मे १९८४ मध्ये आग लागली आणि जुन्या हॉटेलचा मुख्य भाग, लायब्ररीसकट, जळून गेला. लाकूड आणि आग, दुसरं काय होणार. मग १९९१ ला उत्तरकाशीचा भूकंप, त्यात आणखी काही जुने भाग खराब झाले आणि त्या जागी नव्या सिमेंटच्या इमारती आल्या, कर्मशिला, ध्रुवशिला वगैरे. ज्या हॉटेलचा वापर बदलला त्याची बिल्डिंग गेली, आणि जे हॉटेलच राहिलं ते मोडकळीला येऊन का होईना उभं राहिलं. यातून नियम काढायला मी जात नाही, आग कुठेही लागू शकली असती. पण मला सॅव्हॉयच्या पडझडीच्या वर्षांबद्दल सुद्धा एक आदर वाटतो. उत्पन्न नसताना पाडून नवं बांधणं सोपं होतं, १९८० नंतर मसुरीत जिकडे तिकडे तेच झालं, धारेवर सहा-सहा मजले चढले. चुनखडीच्या खाणींनी डोंगर पोखरले गेले ते सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये बऱ्याच खाणी बंद केल्या म्हणून वाचले, पण बांधकामांवर तसा धाक कधी बसला नाही. त्यात एवढी मोठी, सपाट, मोक्याची जागा कुणी तुकडे करून विकली नाही हीच मोठी गोष्ट. नंतर मालक बदलले, मोठी दुरुस्ती झाली आणि आता आयटीसीच्या वेलकमहॉटेल नावाखाली ते चालू आहे, बाहेरची गॉथिक चेहरेपट्टी ठेवून. खोलीचे भाव आपल्यासारख्याला झेपणारे नाहीत, तरी निदान अंगण बघायला मिळेल का ते विचारून बघा.

कधी गेलात तर गांधी चौकात, म्हणजे जुन्या लायब्ररी चौकात उभे राहा. तिथून वरच्या बाजूला चढलं की सॅव्हॉयचं गेट. आणि दुसरा रस्ता हॅपी व्हॅलीकडे जातो, देवदारांतून, ॲकॅडमीच्या फाटकापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं. त्या रस्त्याला अजून चार्लव्हिल रोडच म्हणतात.